कंट्रोलचा काटा

"कंट्रोल?" कचरूने तंबाखूची चिमूट ओठापर्यंत नेली होती, ती तशीच धरली. "आपल्या दुकानाचं लिहेल हाय काय वं त्या पुस्तकात?"

बाजेवर पाय दुमडून मोठ्याने वाचत बसलेल्या पंचफुलाने मान वर केली, बापाकडे पाहिलं आणि खो खो हसायला लागली. चुलीपाशी भाकरी थापणारी सिंधूताई थबकलीच. गेल्या आठ दिवसांत लेकीचे दात कुणी पाहिले नव्हते.

हसण्यासारखंच होतं ते. उंद्री गावातच काय, साऱ्या वऱ्हाडात तेव्हा रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणत. कंट्रोलचा गहू, कंट्रोलची साखर, आणि दुष्काळाच्या दोन वर्षांत खाऊन खाऊन वीट आलेला लाल मायलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, तोही कंट्रोलचाच. कचरू त्या दुकानात अकरा वर्षं काट्यावर होता, म्हणजे धान्य तोलून द्यायचं काम करत होता. इंग्रजी पुस्तकातून नेमका एवढाच शब्द ओळखीचा निघाल्यावर त्याने कान टवकारले, यात त्या बिचाऱ्याचं काय चुकलं?

पंचफुलाने त्याला समजावलं, की हे पुस्तक गणकयंत्राचं, कॉम्प्युटरचं आहे आणि त्या यंत्राच्या एका भागाला कंट्रोल म्हणतात.

"मंग तो भाग काय करते?" कचरूने विचारलं.

तिने डोळे मिटले आणि पानावरची चार वाक्यं इंग्रजीत घडाघडा म्हणून दाखवली. स्वल्पविरामसुद्धा सोडला नाही.

"हे झालं पुस्तकाचं," कचरू म्हणाला. "आता तू सांग."

तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

नेमकं इथंच घोडं अडत होतं. पोरगी हुशार होती. खामगावच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाली होती, वस्तीतली पहिलीच. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजकडून तिला मुलाखतीचे दोन कॉल येऊन गेले होते आणि दोन्हीकडे एकच रामकहाणी झाली होती. पाठ केलेलं ती न अडखळता सांगे. मग कुणीतरी साहेब म्हणे, आता हेच तुमच्या शब्दांत सांगा पाहू, आणि तिच्या तोंडाला कुलूप लागे. हा तिसरा कॉल होता. नागपूरच्या एका कचेरीत कॉम्प्युटर आला होता आणि त्यावर काम शिकवायला सहा जणांना घेणार होते. मुलाखत सोमवारी होती आणि आज गुरुवार उजाडला होता. या वेळीही नाही जमलं तर मामाने मेहकरकडून आणलेलं स्थळ बघायचं, असं घरात ठरून गेलं होतं. मुलगा वाईट नव्हता. त्याच्या घरच्यांना मात्र नोकरी करणारी सून नको होती.

कचरूच्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती त्याने कधी कुणाला सांगितली नव्हती. तो स्वतः चौथी शिकलेला. पंचफुला चौथीत होती तोवर तो तिच्याकडून पाढे घोकवून घ्यायचा, गणितं घालायचा. पाचवीला तिचं इंग्रजी सुरू झालं आणि तो दाराबाहेर राहिला. तरी रोज संध्याकाळी विचारायचा, आज काय शिकली? आधी ती पुष्कळ सांगे. मग थोडं सांगू लागली. कॉलेजात गेल्यावर एकच उत्तर उरलं, "काही नाही बाबा, अभ्यास." त्यात तिचा दोष नव्हता, हे त्याला कळत होतं. पण पोर आपल्या डोळ्यांदेखत लांब लांब चालली आहे आणि आपल्याला हाकसुद्धा मारता येत नाही, याचं त्याला फार वाईट वाटायचं.

म्हणून आज तो हटून बसला. मोडकंतोडकं सांग, पण सांग, म्हणाला.

पंचफुलाने सुस्कारा टाकला. "तो कंट्रोल ना बाबा, सोता काहीच करत नाही. हिशेब करत नाही, काही साठवून ठेवत नाही. नुसता सांगते. आता हे घ्या, आता ते काढा, आता तिथं ठेवा."

"हे तं आमचे उत्तमराव झाले," कचरू म्हणाला.

सिंधूताईला हसू आवरेना. उत्तमराव दुकानाचे मालक. अकरा वर्षांत त्यांनी दुकानातला एक दाणा उचलला नव्हता. गादीवर बसून हातातली फूटपट्टी मेजावर टक्कन आपटायची आणि पुढचं काम सांगायचं, एवढंच त्यांचं काम.

पंचफुलाला मात्र ते आवडलं नाही. मेहनतीने शिकायच्या गोष्टीची थट्टा झाल्यासारखं तिला वाटलं. त्या यंत्रात भोकं पाडलेली कार्डं घालतात आणि यंत्र ती वाचतं, असं ती जरा तोऱ्यातच म्हणाली. कार्डं आमच्याकडेही येतात, कचरू म्हणाला. पुस्तक तिने फटकन मिटलं. तेव्हा तो जपून जपून म्हणाला, "उद्या वाटप हाय. येजो न दुकानात. पटलं तं पटलं."

हे म्हणायला त्याला जड गेलं, आणि तसं कारणही होतं. पंचफुला चार वर्षांत दुकानाकडे फिरकली नव्हती. कॉलेजच्या पहिल्या वर्षी एक मैत्रीण तिच्याबरोबर गावात आली होती. दोघी दुकानावरून चालल्या होत्या आणि कचरू खिडकीशी उभा होता, कोंड्याने भुवया पांढऱ्या झालेल्या, अंगात फाटकी बंडी. लेकीची आणि त्याची नजरानजर झाली. ती थांबली नाही. मैत्रिणीशी बोलत तशीच पुढे गेली. कचरूने ही गोष्ट सिंधूताईलासुद्धा सांगितली नव्हती. पोरीचं वयच तसं होतं, म्हणून त्याने ती गिळून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास ती आली. वही-पेन घेऊन, पोत्यांच्या थप्पीला टेकून उभी राहिली. ती कशासाठी आली ते कळल्यावर उत्तमरावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "म्हंजे त्या मशीनचा मालक म्याच काय?" त्यांनी विचारलं आणि त्या दिवशी फूटपट्टी जरा जास्तच जोरात आपटली.

उत्तमरावांचं दुकान तालुक्यात वेगळं होतं खरं. लोकांची कार्डं फाटायची, भिजायची, म्हणून त्यांनी सुताराकडून एक मोठी मांडणी करून घेतली होती. तिला दीडशे खाने, प्रत्येक खान्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि पहिला सोडून प्रत्येक खान्यात एकेका घराची चिठ्ठी. घरात माणसं किती आणि या महिन्यात धान्य किती नेलं, ते त्या चिठ्ठीत असायचं. भाऊराव कारकून खिडकीशी बसून कार्डावरचा नंबर वाचायचा. पट्टी वाजायची. भाऊराव त्या खान्यातली चिठ्ठी काढून माणसांचा आकडा सांगायचा. पट्टी. कचरू माणशी दोन किलोने धान्य तोलायचा. पट्टी. धान्य पत्र्याच्या पन्हळीतून घरंगळत बाहेर बाईच्या थैलीत पडायचं. पट्टी. चिठ्ठीवर नवा आकडा पडायचा आणि चिठ्ठी परत आपल्या खान्यात जायची. मग पुढचं कार्ड.

पंचफुला पंधरा-वीस कार्डं नुसती बघत राहिली. मग तिचं पेन चालू लागलं. खिडकीतून आत येतं ते इनपुट. पन्हळीतून बाहेर जातं ते आउटपुट. मांडणी म्हणजे मेमरी. मेमरीपाशी येऊन ती अडली, कारण पुस्तकातलं तेच पान तिला कधी उमगलं नव्हतं. तिथं लिहिलं होतं, की साठवलेल्या गोष्टीचा पत्ता वेगळा आणि ती गोष्ट वेगळी. तिने बापाला हळूच विचारलं, की सत्तावीस नंबर म्हणजे सत्तावीस किलो का?

"अवं नाही," कचरू काट्यावरची नजर न हलवता म्हणाला. "सत्तावीस हे घर झालं. घरात कोण हाय ते चिठ्ठीत. चिठ्ठी दर वाटपाले बदलते, घराचा नंबर नाही बदलत."

तिने ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. मग तिला दुसरं कोडं पडलं. माणशी दोनच किलो द्यायचे, हे उत्तमरावांना कोण सांगतं? उत्तमरावांनी फूटपट्टीनेच पहिला खाना दाखवला. त्यात तहसिलीतून आलेला कागद होता, कोणत्या महिन्यात कुणाला किती द्यायचं त्याचा. कागद बदलला की दुकानाचं काम बदलायचं. माणसं तीच, काटा तोच. पंचफुला त्या कागदाकडे बघतच राहिली. काय करायचं त्याची यादीसुद्धा मेमरीतच ठेवतात, हे तिने दहा वेळा पाठ केलं होतं आणि आज तिला ते पहिल्यांदा दिसलं.

"आणि बाबा, तुम्ही?" तिने विचारलं.

"मी कोण असंन?"

"बेरीज-वजाबाकी करणारा भाग असते एक. कोणतं मोठं, कोणतं लहान, तेबी तोच पाहते."

कचरूने काट्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. आपणही त्या पुस्तकात आहोत, हे त्याला आवडलं. लहान मूल खूश व्हावं तसा तो खूश झाला आणि ते लपवायलाही त्याला जमलं नाही.

बाराच्या सुमारास केसरबाईचा नंबर लागला. केसरबाई म्हातारी, कानाने अधू, घरात ती आणि तिची सून एवढीच. भाऊरावच्या चष्म्याची एक काच तडकलेली होती. त्याने कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि वाचलं, "बहात्तर." पट्टी वाजली. बहात्तरच्या खान्यातली चिठ्ठी निघाली. माणसं नऊ. पट्टी वाजली. कचरूने अठरा किलो तोललं, काटा बरोबर केला, पारडं पन्हळीपाशी नेलं, पण ओतलं नाही.

"हां, टाक न," उत्तमराव म्हणाले.

"भाऊराव, कार्ड एकडाव पाहा बरं," कचरू हलक्या आवाजात म्हणाला. म्हातारीला ऐकू जाणार नव्हतं, तरी त्याने आवाज खालीच ठेवला.

कार्ड सत्तावीसचं होतं. भाऊरावने आकडे उलटे वाचले होते. चिठ्ठी परत गेली, दुसरी निघाली, अठराचे चार झाले आणि काम पुढे चालू झालं. धान्य नेल्याची नोंद चुकून पडून बहात्तर नंबरवाल्याला त्या महिन्यात रिकाम्या हाताने परत जावं लागलं असतं, तेवढं टळलं. दुकानात कुणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. पंचफुलाचं पेन मात्र हवेतच राहिलं होतं.

घरी जाताना तिने विचारलं, की तुम्ही केसरबाईला ओळखता म्हणून कळलं ना?

"ओळखतो तं हावच. पण थैली पाह्य न तिची," कचरू म्हणाला. "नऊ माणसाच्या घरची बाई येवढुशी थैली घेऊन येते काय?"

तिने हातातली वही मिटली. मग म्हणाली, यंत्राने ओतलं असतं. त्याला थैली दिसत नाही. त्याला सांगितलं अठरा, की ते अठरा किलो अगदी बरोबर तोलतं आणि आपलं चुकलं हे त्याला कधीच कळत नाही. ती हे बापाला सांगत होती, आपल्या बोलीत, पुस्तक न उघडता. आपण काय केलं ते तिच्या लक्षात आलं नाही. कचरूच्या आलं.

शनिवार आणि रविवारची सकाळ तिने सिंधूताईला शिकवण्यात घालवली. सिंधूताई निरक्षर होती. पण सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं, की उत्तमराव आजारी पडले तर? मग सगळंच ठप्प, पंचफुला म्हणाली, आणि मायलेकी हसत बसल्या. दुपारी मामाबरोबर ती नागपूरला गेली.

सोमवारी कचरूचा जीव टांगणीला लागला होता. मंगळवारी दुपारी तो दुकानातून जेवायला घरी आला, तर पंचफुला परत आलेली. उंबऱ्यात बसून पाय चोळत होती. चेहऱ्यावरून काही कळेना. त्याने हातपाय धुतले, ताटावर बसला. तिनेच सुरुवात केली.

तीन साहेब होते. पहिल्याने भाग विचारले, ते तिने सांगितले. मग मधला चष्मेवाला म्हणाला, हे पुस्तकातलं झालं, मला काहीच कळत नाही असं समजून सांगा. तेव्हा तिने उत्तमरावांचं दुकान उभं केलं. खिडकी, खाने, फूटपट्टी, पहिल्या खान्यातला कागद, काटा, पन्हळ, सगळं. तिसऱ्या साहेबाने हातातला पेपर खाली ठेवला. मग चष्मेवाल्याने विचारलं, कार्डावरचा नंबर चुकीचा वाचला गेला तर यंत्र काय करील? चुकीच्या माणसाला अगदी बरोबर तोलून देईल, ती म्हणाली. साहेब हसले. आणि तुमच्या दुकानात, त्यांनी विचारलं. दुकानात काट्यावरचा माणूस थैलीकडे बघतो, ती म्हणाली.

"मंग ते म्हणे, कोण माणूस?" पंचफुला इथे थांबली. ताटातल्या भाकरीकडे बघत राहिली. "मी तिथं गप झाली, बाबा. जास्त नाही, पाण्याचा घोट घ्यायले लागते तेवढी. मले वाटलं, हाय आमच्या गावातला कोणी, असं म्हणावं न् मोकळं व्हावं. तेवढे मोठे साहेब, तसा टेबल."

"मंग?"

"मंग सांगतलं. माझे वडील आहेत म्हणून."

तिचे डोळे भरून आले. न सांगती तर ही क्षणभराची गोष्ट बापाला या जन्मात कळली नसती, आणि तरी ती सांगत होती. कचरूला तो चार वर्षांपूर्वीचा रस्ता आठवला, खिडकीवरून पुढे गेलेल्या दोन पोरी आठवल्या. इतक्या दिवसांची छातीतली ती सल निघून गेली, असं त्याला वाटलं. त्याने घास ताटात ठेवला.

"सांगतलं न," तो म्हणाला. "मंग थांबलेलं कायले मोजते, बाई?"

सिंधूताईने विचारलं, की साहेब यावर काय म्हणाले. साहेब म्हणाले, असा भाग आमच्या यंत्रात नाही, म्हणूनच माणसं घेतो आहोत.

पत्र यायला सहा आठवडे लागले. टपालवाल्याने ते दुकानातच आणून दिलं, कारण पाकिटावर सरकारी शिक्का होता आणि सरकारी पत्रं उत्तमरावांकडे जायची त्याला सवय होती. उत्तमरावांनी ते वाटप थांबवून मोठ्याने वाचलं. वाटप चालू असताना मध्येच थांबलेलं कंट्रोल गावाने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मामाने मेहकरला नकाराचा निरोप पाठवून दिला.

जायच्या दिवशी सकाळी स्टँडवर बरीच माणसं आली होती. भाऊराव आला होता, केसरबाई काठी टेकत आली होती. मामा खामगावपासून पुढे सोबत करणार होता. पंचफुलाने नवं पातळ नेसलं होतं आणि ती सारखी आईचा हात धरत होती, सोडत होती. गाडी आली. कंडक्टर म्हणाला, पेटी टपावर टाका, आत जागा नाही. हमाल पुढे झाला, पण कचरूने त्याला बाजूला केलं आणि पेटी स्वतःच उचलली.

वजनं करण्यात ज्याचा जन्म जातो, त्याच्या हाताला एक खोड लागते. वस्तू उचलली की आकडा मनात उमटतो, पाहिजे असो नाहीतर नसो. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर कचरूच्या मनात आकडा उमटला. चौदा किलो. दोन पातळं, चार पुस्तकं, बाबासाहेबांचा फोटो, आईने दिलेलं लोणचं आणि पेटीचा पत्रा धरून चौदा. घरातून बावीस वर्षांची लेक चालली होती आणि भरले फक्त चौदा किलो. त्याला वाटलं, कुठेतरी चूक झाली असेल. टपावर पोचल्यावर त्याने पेटी पुन्हा एकदा उचलून पाहिली. आकडा तोच आला.

खालून सिंधूताईने वर पाहिलं. तो पेटी हातात धरून नुसताच उभा होता.

"काहो, जड हाय काय?" तिने विचारलं. "भाऊरावले पाठवू वर?"

"नाही," कचरू म्हणाला. "हलकी हाय."

त्याने पेटी खाली ठेवली, दोरीने आवळली आणि बांधून झाल्यावर आणखी एक गाठ मारली.